टाका घालणे आणि वेळ घालवणे : टाळेबंदीतील गोधडीच्या निमित्ताने

१

‘टाळेबंदीच्या काळात स्त्रियांनी गोधड्या शिवून वेळ घालवला’ हे विधान वरकरणी निरुपद्रवी आहे. त्यात निंदा नाही. झालेच तर थोडे कौतुक आहे. परंतु हेच विधान बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांतील स्त्रियांविषयी केले की त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द अडखळू लागतो. ‘टाळेबंदी’ हा मराठीत २०२० पूर्वी प्रामुख्याने औद्योगिक कलहातला शब्द होता. मालक कारखान्याला टाळे लावी आणि कामगार दाराबाहेर राही. २०२० मध्ये त्याच शब्दाला माणसाला दाराआत ठेवण्याचा अर्थ आला. मात्र ज्यांच्या बाबतीत घर एका टोकाला आणि कारखाना दुसऱ्या टोकाला होता, त्यांनी नेमक्या कोणत्या दाराआत राहावे, हे त्या शब्दातून कळत नव्हते. ‘वेळ घालवणे’ हा प्रयोग त्याहूनही अधिक विचार करायला लावणारा आहे. घालवणे म्हणजे गमावणे, खर्ची टाकणे. जे आपले असते तेच माणूस निर्धास्तपणे घालवू शकतो. दुसऱ्याची वस्तू घालवली तर तिची भरपाई द्यावी लागते. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो, की ज्याचा वेळ त्याच्या मालकीचा नाही, त्याला तो घालवता येतो काय?

प्रश्न शब्दार्थाचा वाटला तरी त्याचे स्वरूप नैतिक आहे. एखाद्या कृतीला ‘विरंगुळा’ म्हणावे, ‘श्रम’ म्हणावे की ‘कला’ म्हणावे, हे ठरवताना ती कृती करणाऱ्या व्यक्तीचे स्थानही ठरवले जात असते. गोधडीच्या संदर्भात समीक्षेने ही जबाबदारी आजवर फारशी गांभीर्याने घेतलेली नाही. टाळेबंदीने ती टाळणे अवघड केले.

२

बालाघाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी पसरलेला बीड जिल्हा अवर्षणप्रवण आहे. दसरा-दिवाळीनंतर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून मोठ्या संख्येने स्त्री-पुरुष पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी जातात. जाण्याआधी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. कामाला न गेलेला दिवस म्हणजे ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड हिशेबात लागतो. या शब्दांमध्ये वेळेची एक संपूर्ण मीमांसा दडलेली आहे. उचल घेतली त्याच दिवशी पुढील पाच-सहा महिन्यांचा वेळ विकला गेलेला असतो. त्यानंतर गमावलेला प्रत्येक दिवस हा दुसऱ्याचा दिवस असतो, म्हणून त्याची भरपाई द्यावी लागते.

ही मालकी शरीरापर्यंत कशी पोहोचते, याचा पुरावा सर्वज्ञात आहे. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या शस्त्रक्रियांमागे वैद्यकीय, आर्थिक आणि सामाजिक अशी अनेक कारणे होती. परंतु पाळीचे दुखणे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड, हे गणित त्या चर्चेत वारंवार पुढे आले. जिथे महिन्याचे चार दिवसही स्वतःचे म्हणता येत नाहीत, तिथे ‘वेळ घालवणे’ हा वाक्प्रयोग किती परका आहे, हे वेगळे सांगायला नको.

२०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली ती २५ मार्च रोजी. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. एरवी पाडव्याच्या आगेमागे हंगाम उतरणीला लागतो आणि कोयते गावाकडे परतू लागतात. त्या वर्षी अनेकांचे परतणे थांबले. ऊस तोडून झालेल्या फडांजवळ, कारखान्यांच्या परिसरात, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांत कुटुंबे अडकून पडली. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने वैद्यकीय तपासणीनंतर त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी ३८ कारखान्यांच्या परिसरात असे सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार होते. गावी पोहोचल्यावरही घर लगेच मिळेलच असे नव्हते. विलगीकरणाचे दिवस शाळेच्या खोलीत किंवा शेतातल्या झाडाखाली काढावे लागत होते.

याच दिवसांत गोधडीचा हंगाम येतो. चैत्र-वैशाखात हवा कोरडी असते, रानातले काम कमी असते, अंगण मोकळे असते आणि मृगाच्या आत अंथरूण-पांघरुणाची सोय लावायची असते. जुनी लुगडी, धोतरे, पातळे, पोरांचे विटलेले कपडे धुऊन, उसवून, थरावर थर अंथरले जातात. सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली जरा धड असलेले कापड घेतले जाते. मोठ्या सुईने धावदोऱ्याचे टाके घातले जातात. अनेक ठिकाणी ते कडेपासून सुरू होऊन चौकोनामागून चौकोन करीत मध्याकडे सरकतात. फाटक्या जागी ठिगळ बसते. फारच जीर्ण झालेली वाकळ टाकून दिली जात नाही; ती नव्या वाकळेच्या पोटात थर म्हणून जाते. तेव्हा गोधडी हा टाळेबंदीने सुचवलेला छंद नव्हे. ती त्या ऋतूचे नेहमीचेच काम आहे. टाळेबंदीने बदलल्या त्या दोन गोष्टी. एक म्हणजे रोजगाराच्या सर्व वाटा एकदम बंद झाल्या, आणि दुसरी म्हणजे चौघी-पाचजणींनी एका गोधडीभोवती बसणे नियमाने निषिद्ध ठरले. मराठीत ‘ओवी’ हा शब्द ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडण्याची प्रथा आहे. सुई ओवणे आणि ओवी ओवणे या दोन्ही गोष्टी ज्या बैठकीत शेजारी शेजारी होत, ती बैठकच संशयास्पद झाली.

३

‘सवड’ आणि ‘रिकामपण’ हे शब्द मराठीत एकमेकांचे पर्याय नाहीत. सवड काढावी लागते. ती कामातून ओढून घेतलेली असते आणि ज्याने काढली त्याची असते. रिकामपण अंगावर येते. याखेरीज मराठीत ‘दिवस काढणे’ असाही प्रयोग आहे, आणि तेथे ‘काढणे’ म्हणजे सोसणे. ‘तिने सवड काढली’ आणि ‘तिने दिवस काढले’ या दोन वाक्यांत क्रियापद एकच असले, तरी पहिल्यात कर्तृत्व आहे आणि दुसऱ्यात सहनशीलता.

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये सवडीला चांगल्या जीवनाचा पाया मानले आणि करमणुकीपासून तिला वेगळे काढले. त्याच्या मते करमणूक ही पुन्हा कामाला जुंपता यावे म्हणून घेतलेली विश्रांती असते. सवड मात्र स्वतःच साध्य असते. पण त्याच ग्रंथात ‘दासांना सवड नसते’ अशा आशयाची ग्रीक म्हण तो सहज नोंदवून जातो. सवडीची संकल्पना जितकी उदात्त, तितकीच ती कोणाच्या तरी बिनसवडीवर उभी आहे, ही अडचण तत्त्वज्ञानाच्या इतिहासात पुढेही सुटलेली नाही. आडोर्नोने १९६९ मध्ये ‘मोकळ्या वेळे’वर बोलताना ‘छंद’ या शब्दाला घेतलेला आक्षेप येथे उपयुक्त ठरतो. मोकळा वेळ ही कामाच्या वेळेचीच सावली आहे आणि छंद हे त्या सावलीला दिलेले गोंडस नाव आहे, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. तथापि आडोर्नोपुढे होता तो सुटी मिळणारा कामगार. बीडच्या स्त्रीच्या बाबतीत २०२० च्या उन्हाळ्यात काम थांबले, म्हणजे मजुरी थांबली. पाणी भरणे, भाकरी करणे, आजारी माणसाचे करणे यांतले काहीच थांबले नाही. उलट घरात माणसे वाढली.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामातील सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटे आढळला, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. या आकड्यांइकाच महत्त्वाचा आहे तो अशा पाहण्यांत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा तर्क. घरच्या वापरासाठी कापडाची वस्तू तयार करणे हे तेथे एका रकान्यात, म्हणजे स्वतःच्या उपयोगासाठी केलेल्या उत्पादनात येते. छंद म्हणून केलेली हस्तकला दुसऱ्या रकान्यात, म्हणजे फुरसतीच्या व्यवहारात येते. सुई तीच, कापड तेच, हातही तेच. रकाना बदलतो तो विचारणाऱ्याच्या प्रश्नाने आणि सांगणारीच्या शब्दाने. ‘बसल्या बसल्या चार टाके घातले’ असे ती म्हणाली, तर नोंद करणाऱ्याला तो छंद वाटण्याचा संभव आहे. याच काळात राज्यभर बचत गटांतील स्त्रियांनी मुखपट्ट्या शिवल्या. त्यांना नगावर दाम मिळाला, म्हणून ते निर्विवादपणे ‘काम’ ठरले. पांघरुणाला दाम नव्हता, म्हणून ते ‘वेळ घालवणे’ ठरले. असा हा न्याय आहे.

४

आता सौंदर्यशास्त्राकडे वळता येईल. कांटने १७९० च्या ग्रंथात कला आणि कारागिरी यांत जो भेद केला, तो पुढे जवळजवळ गृहीत धरला गेला. कला मुक्त असते, क्रीडेसारखी स्वतःतच सुखद असते. कारागिरी ही श्रमासारखी असते आणि तिचे आकर्षण मोबदल्यात असते. गोधडी या विभागणीत बसत नाही. तिला मोबदला नाही, म्हणून ती कांटच्या अर्थाने कारागिरी नव्हे. आणि ती गरजेपोटी शिवली जाते, म्हणून ती क्रीडाही नव्हे. मोबदल्याविना आणि तरीही सक्तीने केलेले काम, ही कोटीच त्या विचारात नाही. जगातील बहुसंख्य स्त्रियांचे बहुतेक काम याच कोटीतले आहे, हे लक्षात घेता ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

मराठी सौंदर्यविचारात या प्रश्नाला वेगळे वळण देण्याची सामग्री आहे. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मधील (१९५५) संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे गोधडीला लावून पाहिली, तर ती चपखल लागतात. हिरव्या काठाशेजारी कुंकवाच्या रंगाचे ठिगळ, दोन्ही बाजूंना साधलेला तोल, पांढऱ्या टाक्यांची समांतर चाल यांचे विश्लेषण करता येईल. आणि नेमके येथेच थांबावे लागते. कारण असे विश्लेषण पूर्ण झाल्यावर गोधडी भिंतीवर जाते. अमेरिकेत अलाबामातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये संग्रहालयांत टांगल्या गेल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रकलेशी केली. ती प्रशंसा खरी होती. पण जी वस्तू अंगावर घ्यायची ती डोळ्यांसमोर उभी करताना तिचा एक गुण अपरिहार्यपणे गळून पडतो, आणि तो म्हणजे ऊब. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद असे जे दोन ध्रुव मांडले, त्यांच्यामधले ताणलेले अंतर गोधडीइतक्या स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या वस्तूत दिसेल.

मग लौकिकतेच्या ध्रुवाकडे सरकून ‘ही केवळ गरज आहे’ असे म्हणावे काय? तेही अन्याय्य ठरेल. गरज गोधडी असावी एवढेच ठरवते. ती कशी असावी हे ठरवत नाही. थंडी वारण्यासाठी लाल काठ मध्यावर येण्याची आवश्यकता नाही. मृत सासूच्या लुगड्याचा पदर वरच्या थरात ठेवायचा की आतल्या, याचा थंडीशी काहीही संबंध नाही. कापड निवडून आणलेले नसते. जे फाटले तेच हाताशी असते. निवडीला इतकी थोडी जागा असताना केलेली निवड दुर्लक्षणीय तर नसतेच, उलट अधिक अर्थपूर्ण असते. कोयत्याच्या दिवसात कोणता फड, कोणती वेळ, किती मोळ्या, यांपैकी काहीही त्या स्त्रीच्या हाती नसते. गोधडीत पुढचा तुकडा कोणता, हे ती ठरवते.

म्हणून असे म्हणता येईल, की गोधडीतले स्वातंत्र्य वेळेचे नसून निर्णयाचे आहे. मोकळा वेळ आधी आणि मुक्त कृती नंतर, हा ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला क्रम येथे लागू पडत नाही. मोकळा वेळ नसतानाही मुक्त निर्णय घेतला जातो, आणि तेवढ्यापुरता तो वेळ निर्णय घेणारीचा होतो. सवड ही गोधडीची पूर्वअट नाही. टाका घालता घालता, टाक्याएवढी सवड निर्माण होते.

या निष्कर्षाचा गैरवापर होण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून त्याची मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. सक्तीतही माणूस स्वातंत्र्याची जागा शोधतो, या विधानातून ‘सक्ती फारशी वाईट नव्हती’ असे विधान निघत नाही. टाळेबंदीच्या संकटाला ‘संधी’ म्हणण्याची भाषा त्या काळात बरीच ऐकू आली. घरात बसून स्वयंपाकाचे नवे प्रयोग करणाऱ्या, हातकामाला लागलेल्या नगरवासीयांना ती कदाचित शोभली असेल. परंतु कोपीत अडकलेल्या स्त्रीच्या हातून एखादी देखणी वस्तू घडली, तर त्या देखणेपणाने तिच्या अडकण्याचे ऋण फिटत नाही. सौंदर्य हे अन्यायाची भरपाई म्हणून हिशेबात धरता येत नाही. तसे धरले, तर समीक्षकाची वही आणि मुकादमाची वही यांत फरक उरणार नाही.

५

साहित्यसिद्धान्ताला गोधडीचे आकर्षण जुने आहे. ‘टेक्स्ट’ या शब्दाच्या मुळाशी असलेली विणण्याची लॅटिन क्रिया वारंवार आठवली गेली आहे. देल्यूझ आणि ग्वातारी यांनी १९८० मध्ये भरतकाम आणि ठिगळकाम यांत भेद केला. भरतकामाला केंद्रीय आकृती असते. ठिगळकाम तुकड्याला तुकडा जोडत कोणत्याही दिशेला अमर्याद वाढू शकते. केंद्र नाकारणाऱ्या विचाराला ही प्रतिमा सोयीची होती. पण अंगणातली गोधडी अमर्याद वाढत नाही. तिची लांबी झोपणाऱ्या माणसाच्या उंचीने ठरते, रुंदी तिच्याखाली किती पोरे निजणार यावर ठरते, आणि जाडी घरात किती कापड फाटले यावर. तिचे टाके मध्याकडे येऊन थांबतात. सिद्धान्ताने रूपक उचलले आणि माप मागे ठेवले. या मापातच गोधडीची नीती आहे, कारण माप म्हणजे दुसऱ्या माणसाच्या देहाची घेतलेली दखल.

बीड जिल्ह्यात या चर्चेला एक विलक्षण साक्ष उपलब्ध आहे. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी जतन केलेली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचमहाभूतांचा विचार मांडणारे ‘पंचीकरण’ लिहिले. त्याच्या ओव्या सुमारे १६०० आहेत. पासोडी हा मुळात पांघरण्याच्या जाड कापडाचा शब्द. पांघरुणाच्या कापडाला अक्षरे मिळाली, आणि ते चार शतके टिकले. त्या चार शतकांत त्याच प्रदेशात शिवल्या गेलेल्या असंख्य वाकळा मात्र वापरल्या गेल्या, विरल्या आणि पुढच्या वाकळेच्या पोटात गेल्या. यातून पासोडीचे महत्त्व कमी होत नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की टिकणे हा मूल्याचा एकमेव निकष मानण्याची समीक्षेची सवय अक्षरांकडून आलेली आहे. जी वस्तू झिजण्यासाठीच केलेली असते, तिच्या बाबतीत झिजणे ही हानी नसून पूर्तता आहे. टिकलेली, न वापरलेली, घडीची घडी राहिलेली गोधडी हीच खरे तर वाया गेलेली गोधडी. ‘घालवणे’ हे क्रियापद लावायचेच असेल तर ते तिला लावावे.

यावरून समीक्षकाचे कर्तव्य काय, हे काही अंशी सांगता येते. ‘ही कला आहे की नाही?’ या प्रश्नाने सुरुवात केल्यास उत्तर काहीही आले तरी शिवणारी व्यक्ती दृष्टीआड होते. ‘हिच्याखाली कोण निजणार आहे?’ या प्रश्नाने सुरुवात केल्यास रंगाची निवड, कापडाची टंचाई, श्रम, माया आणि सक्ती या सर्व गोष्टी एकाच विचारात आणाव्या लागतात. त्यांतील एकही दुसरीत विरघळवता येत नाही. लयीचे विश्लेषण करावे. परंतु ते झाल्यावर गोधडी पुन्हा अंथरुणावर आणून ठेवावी.

२०२० च्या शेवटाकडे नवा गळीत हंगाम सुरू झाला आणि कोयते पुन्हा निघाले. ट्रक-ट्रॅक्टरवर धान्य, भांडी, शेळ्या, लहान पोरे यांच्याबरोबर अंथरुणाची बोचकीही चढतात. उन्हाळ्यात शिवलेली वाकळ पौषातल्या पहाटे, पाचटाच्या कोपीत, आई-बाप तोडीला गेल्यावर एकट्या राहिलेल्या मुलाच्या अंगावर असते. आई तेव्हा कोणाच्या तरी मालकीच्या वेळेत ऊस तोडत असते. तिच्या मालकीचा जो थोडा वेळ होता, तो त्या पांघरुणात आहे. आरंभी घेतलेले विधान त्यामुळे दोन वाक्यांत तोडून लिहावे लागेल : त्या उन्हाळ्यात तिने दिवस काढले. त्या उन्हाळ्यात तिने गोधडी शिवली. या दोन वाक्यांना जोडणारे ‘म्हणून’ किंवा ‘तरी’ असे अव्यय बाहेरच्या माणसाने घालू नये. ते घालण्याचा अधिकार तिचा आहे.